ड्रायव्हरचे चाळीस यार्ड कुठे गेले?

यार्डशोधक

मंडळी, इथे क्रिकेटवर रोज दहा धागे निघतात, त्यात गोल्फचा एखादा खपून जाईल असं धरून चालतोय. "म्हाताऱ्यांचा खेळ", "श्रीमंतांची शेती" वगैरे प्रतिसाद ज्यांना द्यायचेत त्यांनी ते आधीच उरकून घ्यावेत.

तर, वय ५८, उजव्या हाताने खेळतो, पुण्यात. चाळिशी उलटल्यावर सुरुवात केली. रीतसर कोणाकडे शिकलो नाही, कॅडी (मैदानावर बॅग उचलणारा मदतनीस) आणि यूट्यूब हेच गुरू. चार वर्षांपूर्वी हँडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) १६ होता, आता २२ आहे आणि तोही मेहेरबानीचा. तेव्हा हिवाळ्यात कोरड्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या काठीचा, म्हणजे क्लबचा) चेंडू घरंगळणं धरून २२० यार्ड जायचा. आता १८० गेला तर कॅडी "शॉट, साहेब" म्हणतो, आणि ज्या सुरात म्हणतो त्यावरून कळतं की तो माझं सांत्वन करतोय.

नुसतं अंतर गेलं असतं तर वयावर ढकललं असतं. पण चेंडू डावीकडे निघतो, शंभरेक यार्डांवर मत बदलतो आणि उजवीकडच्या झाडांत जातो. पाचातला एक मात्र डावीकडे निघतो आणि डावीकडेच सरळ जातो, वळतच नाही. आता निशाणा धरायचा कुठे? सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) १४० वरून १२५ वर आलंय आणि निम्म्या वेळा चेंडूच्या आधी जमीन लागते.

उपाय बरेच केले. नवा ड्रायव्हर घेतला. दुकानदार म्हणाला तुमच्यासारख्या उंच माणसाला स्टिफ शाफ्ट (कमी लवणारा दांडा) हवा, म्हणून तो घेतला. स्लाइस (उजवीकडे वळणारा चेंडू) धरून थोडं डावीकडे वळून उभा राहू लागलो. "ड्रायव्हर खालून वर मारायचा" असं एका व्हिडिओत ऐकलं म्हणून चेंडू पुढे सरकवला. मध्ये चेंडू नुसतेच आभाळात उडायला लागले म्हणून टी (चेंडू ठेवायची खुंटी) खाली दाबली. आणि सगळ्यावर उतारा म्हणून आणखी जोरात मारून पाहिलं.

प्रश्न एवढाच: हे वय आहे, की स्विंग बिघडलाय?

खडूस मेंबर

४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. तेवढं पुढे जाऊन उभे राहा आणि मारा. (हलके घ्या.)

जुना फौजी

शोधकसाहेब, वय नंतर बघू. आधी एक काम करा. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) नेहमीसारखे उभे राहा, चेंडू मारू नका. हातातला क्लब खाली पायांच्या बोटांना लावून ठेवा, मागे जा आणि बघा तो कुठे रोखलाय. मग दुसरा क्लब खांद्यांच्या रेषेत छातीला लावा आणि तोही बघा.

मी देवळालीला शिकलो. आमचे एक वरिष्ठ होते, ते पहिला महिनाभर चेंडू मारूच देत नव्हते, नुसतं उभं राहायला लावायचे. तेव्हा शिव्या घातल्या मनातल्या मनात. पण तुमचं वाचून मला दिसतंय ते असं: स्लाइस होतो म्हणून तुम्ही डावीकडे उभे राहता. डावीकडे उभं राहिलं की क्लब चेंडूला बाहेरून आत कापत जातो. कापला की स्लाइस वाढतो. वाढला की तुम्ही आणखी डावीकडे. चार वर्षं हेच चाललं असेल तर आता तुम्ही शेजारच्या होलकडे तोंड करून उभे असाल.

ओहायोचा बर्फ

फौजीकाकांना +१. थोडी भर घालतो. इकडे नोव्हेंबर ते मार्च बाहेर खेळता येत नाही, तळघरात जाळी लावून मारत बसतो, त्यामुळे आकडे चघळायची सवय लागली आहे.

जुनी पुस्तकं सांगायची की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि क्लबच्या तोंडाच्या दिशेने संपतो. रडारवाली यंत्रं आल्यावर ते उलटं निघालं. ढोबळमानाने ड्रायव्हरला ८० टक्क्यांच्या वर सुरुवातीची दिशा क्लबफेस, म्हणजे क्लबचं तोंड, ठरवतो. वळण ठरतं ते फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यात किती अंतर आहे यावर, फटका मधोमध लागला असेल तर.

आता तुमचं लक्षण बघा. चेंडू डावीकडे निघतो, म्हणजे फेस डावीकडे आहे. तरीही उजवीकडे वळतो, म्हणजे मार्ग फेसच्याही डावीकडे आहे, बराच. आणि पाचातला एक सरळ डावीकडे जातो, त्या वेळी मनगट जरा जास्त फिरून फेस आणि मार्ग जुळलेले असतात. तुम्हाला वाटतंय तुमचे दोन वेगवेगळे दोष आहेत. स्विंग एकच आहे, फेस फक्त थोडा इकडेतिकडे होतोय.

जे लोक स्लाइस घालवायला "फेस बंद करा" (म्हणजे डावीकडे वळवा) एवढंच सांगतात ते हा पाचवा फटका वाढवून ठेवतात. मार्ग सुधारल्याशिवाय फेसला हात लावू नका.

अंतराचं म्हणाल तर अजून एक गोष्ट हवी. चेंडू फेसवर नेमका कुठे लागतोय? ओल्या फडक्याने फेस पुसा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा चेंडू मारा, प्रत्येकानंतर फोटो काढा. फुकटातलं यंत्र आहे.

अवांतर: पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, समुद्रसपाटीपेक्षा चेंडू दोनेक टक्के जास्त जातो. खारघरला सिडकोच्या कोर्सवर खेळायला गेलात तर चारेक यार्ड आणखी कमी दिसतील, तेव्हा तिथे घाबरू नका.

यार्डशोधक

दोघांचे आभार. आज पहाटे दोन्ही प्रयोग केले.

क्लब पायाशी ठेवून मागे गेलो. माझा निशाणा दीडशेच्या पाटीवर होता असं मला वाटत होतं. क्लब रोखलेला होता तो रेंजच्या कडेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर. खांदे त्याच्याही पलीकडे. कॅडी हसला नाही, हे विशेष.

पावडरचं जास्त लागलं मनाला. दहापैकी सात खुणा फेसच्या टाचेकडे, म्हणजे दांडा जिथे डोक्याला मिळतो त्या बाजूला, आणि सगळ्या मध्यरेषेच्या खाली. दोन मधल्या. एक तर इतकी खाली की अर्धा चेंडू फेसच्या तळाला लागला असावा. आणि गंमत म्हणजे त्या मधल्या दोघांपैकी एक मी "हा जाऊ दे" म्हणून निम्म्या जोराने मारला होता. तोच सगळ्यात लांब गेला.

ओहायोचा बर्फ

बस, सापडलं बरचसं. टाचेला लागलेला चेंडू गियर इफेक्टने (मधोमध न लागल्याने मिळणाऱ्या आडव्या फिरकीने) उजवीकडे आणखी वळतो, वेगही कमी मिळतो. खाली लागलेला कमी उंचीवर निघतो आणि जास्त फिरकी घेतो. तुम्ही ताकद लावताय पूर्ण, पण चेंडूपर्यंत ती पोचतच नाही. शक्य असेल तर एकदा लाँच मॉनिटरवर (क्लब आणि चेंडूचा वेग, दिशा मोजणाऱ्या यंत्रावर) जाऊन या. स्मॅश फॅक्टर बघा, म्हणजे चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग. ड्रायव्हरला १.५० च्या आसपास छत असतं.

तिसरी टी

वाचत होते, आता राहवत नाही. मी नाशिकची, बारा वर्षं खेळतेय.

शोधककाका, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच सगळी साखळी आहे. चेंडू पुढे सरकवलात. तो डाव्या पायाच्या बोटांच्याही बाहेर गेला असणार. तिथे क्लब पोचेपर्यंत खांदे उघडतात आणि क्लब आत वळायला लागलेला असतो. म्हणजे "वर मारायला" म्हणून केलेल्या गोष्टीनेच कापणं वाढलं. मग वरून कुऱ्हाड घातल्यासारखा फटका, म्हणून चेंडू आभाळात. त्यावर टी खाली दाबलीत, म्हणून आता फेसच्या तळाला लागतोय. एकेक उपाय मागच्या उपायाचं दुखणं होऊन बसलाय. आयर्नला आधी जमीन लागते तेही बहुतेक याच कारणाने, तिथेही चेंडू पुढे सरकला असेल, बघा.

लहानपणी विटीदांडू खेळला असाल ना? विटी हवेत असताना टोला हाणतो तेव्हा आपण तिच्यावर वरून दांडू घालत नाही. ड्रायव्हर तसा. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, टी इतकी उंच की अर्धा चेंडू क्लबच्या माथ्यावर दिसेल, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. एवढी बैठक झाली की वर मारायचा वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

आणि एक आगाऊ सल्ला. पुरुष मंडळी टीव्हीवर पीजीए टूर (पुरुष व्यावसायिकांची स्पर्धामालिका) बघून स्विंग करतात. ट्रॅकमॅन या रडार यंत्राच्या प्रसिद्ध सरासऱ्यांत त्या पुरुषांचा ड्रायव्हरचा वेग ताशी ११३ मैलांच्या आसपास होता आणि ते चेंडूवर किंचित खालीच येतात, उणे १.३ अंश. एलपीजीएच्या (महिला व्यावसायिकांच्या मालिकेतल्या) मुलींचा वेग ९४, आणि त्या ३ अंश वर मारतात, २१८ यार्ड हवेत. तुमचा वेग त्यांच्या जवळपासचा असणार. मग नक्कल कोणाची करायची? अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं, आणि त्या मैदानात तिच्यापेक्षा लांब मारणाऱ्या कितीतरी जणी तिच्या मागे होत्या.

अकरावा खेळाडू

क्रिकेटवाल्यांची कैफियतही नोंदवून घ्या. मी वीस वर्षं क्लब क्रिकेट खेळलो, मग गोल्फ. सरळ बॅट, डावं कोपर वर, मनगट घट्ट, चेंडू जमिनीलगत. हे सगळं गोल्फमध्ये आणलं की फेस उघडाच राहतो. मला तर कोणीतरी नेटमधल्या कव्हर ड्राइव्हसारखा फॉलोथ्रू सोडायला सांगेपर्यंत दोन वर्षं गेली.

ग्रिपबद्दल कोणी बोललंच नाही अजून?

जुना फौजी

बोलतो. शोधकसाहेब, डाव्या हाताच्या बोटांच्या किती गाठी वरून दिसतात? एकच दिसत असेल तर ग्रिप कमजोर आहे. दोन-अडीच दिसायला हव्यात, आणि अंगठा-तर्जनीमधली व्ही उजव्या खांद्याकडे.

लोक अमेरिकन गोल्फर बेन होगनचं वाचून ग्रिप कमजोर करतात. अहो, तो हुकने (डावीकडे जोरात वळणाऱ्या चेंडूने) हैराण होता, म्हणून त्याने तसं केलं. १९४९ च्या अपघातात मरता मरता वाचला आणि १९५० ला यूएस ओपन जिंकला, माणूस देव होता, मान्य. पण त्याचं औषध त्याच्या रोगावरचं. स्लाइसवाल्याने तेच घेतलं तर काय होणार?

यार्डशोधक

गाठी: दीड.

आणि गाठी मोजताना आणखी एक गोष्ट दिसली, सांगायला लाज वाटते. ड्रायव्हर नवा, पण आयर्नच्या ग्रिप सहा वर्षांच्या जुन्या. रबर इतकं गुळगुळीत झालंय की अंगठ्याच्या जागी चक्क चमकतंय. ऑक्टोबर हीटमध्ये हात घामेजले की क्लब निसटू नये म्हणून मी तो आवळूनच धरतो. तीच सवय ड्रायव्हरलाही लागली असणार. काल मुद्दाम लक्ष दिलं, फटक्याआधी माझे कोपरापर्यंतचे स्नायू दगड झालेले असतात.

हाडवैद्य नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट, गोल्फ खेळत नाही, पण गोल्फवाले पेशंट बरेच. पाठ आणि डावा गुडघा, हेच दोन.

तुमचं बसून काम असेल तर एक तपासणी. खुर्चीत ताठ बसा, गुडघे जुळवून, छातीवर हात आडवे, आणि कंबर न हलवता वरचं धड उजवीकडे वळवा. ४५ अंशांच्या आसपास जायला हवं. जेमतेम ३० जात असेल तर बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) पुरा करायला शरीर दुसरीकडून उसनवारी करतं: हात एकटेच वर जातात, नाहीतर माणूस उजवीकडे सरकतो. मग खाली येताना पाय वेळेत वळत नाहीत, खांदे आधी धावतात आणि क्लब बाहेरून येतो.

यावर लगेच उपाय म्हणजे बॅकस्विंगला डावी टाच थोडी उचलू द्या. गोल्फमधला दिग्गज जॅक निक्लॉस उचलायचा, तेव्हा लाजू नका. डावा गुडघा दुखत असेल तर डावा चवडा वीस-तीस अंश बाहेर वळवून उभे राहा, फटक्यानंतर गुडघ्यावरची पिळवट कमी होते. दुखणं जुनं असेल तर मात्र प्रत्यक्ष दाखवा, इथे निदान करणार नाही.

नवाकोरा सेट

काका, वेग वाढवायच्या त्या हलक्या-जड काठ्या मिळतात, त्या घ्या ना. माझ्या मित्राचा वेग सहा मैलांनी वाढला.

तिसरी टी

आणि चेंडू सहा मैल जास्त जोरात झाडीत गेला का? 😄 काका, आत्ता नको. टाचेला लागणारा चेंडू आणखी जोरात टाचेला लावून काय मिळणार?

हाडवैद्य नव्हे

+१. ५८ व्या वर्षी, पाठ न वळणाऱ्या माणसाने तर मुळीच नको.

यार्डशोधक

सहा आठवड्यांनी येतोय, क्षमस्व. मध्ये मुलीकडे गेलो होतो आणि मुद्दाम इथे काही लिहिलं नाही, कारण पहिले पंधरा दिवस सांगण्यासारखं काही नव्हतं. सगळं आधीपेक्षा वाईट झालं होतं.

सुरुवातीलाच लाँच मॉनिटरवर जाऊन आलो होतो. क्लबचा वेग ताशी ८९ मैल, चेंडूचा ११९, म्हणजे स्मॅश १.३४. मार्ग ९ अंश डावीकडे, फेस ३ अंश डावीकडे. क्लब ५ अंश खाली येत होता. हवेतलं अंतर १७२. ओहायोकरांनी न बघता जे सांगितलं होतं ते यंत्राने पैसे घेऊन सांगितलं.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. पहिला आठवडा फक्त उभं राहणं. नर्सरीतून बांबूच्या दोन काड्या आणल्या, एक पायाशी, एक चेंडूच्या पलीकडे निशाण्याच्या रेषेत. निशाण्याला समांतर उभा राहिलो तेव्हा इतकं उजवीकडे तोंड केल्यासारखं वाटलं की मी कॅडीला तीनदा विचारलं, "नक्की?" तो म्हणाला, "साहेब, काडी खोटं बोलंल का?"

मग चेंडूची जागा आणि टीची उंची. तिसऱ्या आठवड्यात ग्रिप. सगळ्या आयर्नना नवीन बसवून घेतल्या आणि गाठी अडीच केल्या. हे सगळ्यात अवघड गेलं. चार दिवस तो क्लब कोणा दुसऱ्याचा आहे असं वाटत होतं.

कापणं मोडायला एक युक्ती केली. चेंडूच्या पलीकडे, क्लबच्या टोकापासून दोन बोटं अंतरावर, चेंडूंचं रिकामं पुठ्ठ्याचं खोकं ठेवायचं. बाहेरून आलात की खोकं उडतं. पहिल्या दिवशी पंधरापैकी अकरा वेळा उडालं. रेंजवर शेजारच्या जागेवरचे गृहस्थ थांबून बघायला लागले. चौथ्या दिवशी चार वेळा. डोक्यात विचार एकच ठेवला, वर पोचल्यावर पाठ निशाण्याकडे जरा जास्त वेळ राहू द्यायची. मनगट, कोपर, कंबर, कशाचाही विचार करायचा नाही.

आयर्नसाठी गवतावर रांगोळीची रेघ ओढली. चेंडू न ठेवता नुसतं मारायचं, आणि माती रेघेच्या पुढे उडाली पाहिजे. माझी सुरुवातीला चार बोटं मागे उडत होती. चेंडू आत घेतला, वजन डाव्या पायावर नेलं, आता बहुतेक वेळा रेघेवर किंवा पुढे. (बायकोने विचारलं रांगोळीचा डबा रोज कुठे जातो. सांगितलं. तिने फक्त बघितलं.)

परवा पुन्हा मॉनिटर. क्लबचा वेग ८८, एक मैलाने कमीच. चेंडूचा १२७. मार्ग ३ अंश डावीकडे, खाली येणं फक्त १ अंश. हवेत १९६.

म्हणजे २४ यार्ड परत मिळाले, आणि तेही कमी जोरात. उरलेले बहुधा खरंच वयाचे असतील, ते मी मागत नाही.

पण सगळं गोड नाही. रविवारी गोल्फ क्लबची महिन्याची स्पर्धा होती. पहिल्या टीवर मागे दहा-बारा लोक उभे. मी उभा राहिलो, काडी नाही, खोकं नाही, आणि हाताने परस्पर जुना स्विंग काढला. चेंडू उजवीकडच्या झाडांत, जसा काही तो तिथला रहिवासी. नंतर नऊ होलपर्यंत बरं चाललं, मागचे नऊ दमल्यावर पुन्हा ग्रिप आवळली गेली. एकूण ९६. आधीच्या महिन्यात १०१ होते.

ओहायोचा बर्फ

वेग कमी, अंतर जास्त. हा आकडा फ्रेम करून लावा. शाफ्ट एकदा रेग्युलर घेऊन मारून बघा, ८८ ला स्टिफ बहुतेक जड पडतोय. विकत घेऊ नका, कोणाचा तरी उसना घ्या.

तिसरी टी

९६ मध्ये पट (ग्रीनवर चेंडू खड्ड्यात घालायचे फटके) किती होते काका? ते नाही सांगितलंत.

यार्डशोधक

४१. ताई, जखमेवर मीठ.

खडूस मेंबर

म्हणजे साडेछत्तीस मीटर पुढे जाऊन उभं राहायची गरज नाही. आता पंधरा पुरतील.

यार्डशोधक

फौजीकाका, एक शंका राहिली. कालपासून दहातले दोन चेंडू उजवीकडे निघून डावीकडे वळतायत. चांगलेच वळतायत. हा हुक आहे का?

जुना फौजी

हो. अभिनंदन. नवा धागा काढा.